पंचपालवीचा सिद्धांत

माझ्या पुस्तकामुळे या जगात खात्रीने काही घडलं असेल, तर एवढंच की चिखलीतल्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. बाकी प्रभाव वगैरे म्हणतात तो मला तरी कुठे दिसला नाही. विद्यापीठात माझा निरोप समारंभ झाला तेव्हा विभागप्रमुखांनी ‘सरांच्या संशोधनाचा दूरगामी प्रभाव’ असे शब्द वापरले आणि तेवढ्यात सामोशांच्या प्लेटा आल्या. त्यामुळे दूर म्हणजे नक्की कुठवर, ते कळायचं राहून गेलं. आता मला तो पत्ता माहीत आहे. आकुर्डीच्या आमच्या घरापासून तिथे रिक्षाने जाता येतं.

मी मानववंशशास्त्रज्ञ. हा शब्द नुसता उच्चारला तरी समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा गुडघ्याचा एक्स-रे घेऊन माझ्याकडे आले होते, कारण माझं काम हाडांचं असतं असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बायको बँकेत होती, तिला सोपं करून सांगायची सवय. कुणी विचारलं की ती म्हणायची, “हे दुसऱ्यांच्या लग्नांना जातात. बोलावणं नसलं तरी.” माझ्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्या ग्रंथात सापडली नाही.

कारण खरंच तेच माझं काम होतं. मराठवाड्यातून कंपन्यांच्या कामासाठी चिखली, तळवडे, मोशी, चाकण या पट्ट्यात आलेली कुटुंबं, त्यांची नाती आणि सोयरिकी हा माझा विषय. माझे सहकारी डोंगरात आणि जंगलात जायचे, येताना मलेरिया आणि मान घेऊन यायचे. मी सिटी बसने मोशीला जायचो आणि लग्नांतलं जेवून पित्त घेऊन यायचो. विभागाच्या बैठकीत जंगलवाले बोलायला लागले की मी खिशातल्या गोळ्या चघळत गप्प बसायचो.

माझा सारा जीव देवकांत अडकला होता. प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. कुणाचं कळंब, कुणाची मोरवेल, कुणाची पंचपालवी म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. लग्नाआधी ते देवक आणून मांडवात बसवतात, त्याची पूजा करतात. ज्यांचं देवक एक, ती माणसं एकमेकांची भावंडं, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. गावाकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण झाडं मागे राहिली आणि माणसं पत्र्याच्या खोलीत राहायला आली की देवकाचं काय होतं, हा माझा प्रश्न होता. मला तो फार खोल वाटायचा.

आणि मला उत्तर सापडलं. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, वेगवेगळी देवकं घेऊन आलेली ही कुटुंबं इथे काही वर्षं काढल्यावर एकच उत्तर द्यायला लागली. देवक काय? पंचपालवी. तुमचं? पंचपालवी. शेजारच्यांचं? तेच. माझ्या अंगावर काटा आला. एकाच लाईनवर, एकाच शिफ्टमध्ये घाम गाळणाऱ्या माणसांनी आपली जुनी देवकं सोडून नवं, सामायिक देवक स्वीकारलं होतं! श्रमातून नवी भावकी जन्माला येत होती, आणि तिच्या जन्माला साक्षीदार म्हणून मी एकटा हजर होतो. हा सिद्धांत मी परिषदांमध्ये वाचला. एका थंड देशातल्या परिषदेत तर वाचता वाचता माझा आवाज भरून आला आणि श्रोत्यांतल्या एका बाईंनी रुमाल काढला. त्यांना सर्दी असावी अशी शंका बायकोने नंतर काढली.

मग पुस्तक आलं. शेवटी परिशिष्ट होतं, त्यात कुटुंबं आणि त्यांची देवकं दिली होती. आमच्या शास्त्रात माहिती देणाऱ्यांची नावं बदलायची असतात. मी बदललीही होती. पण छापायच्या आधी हौसेने मजकूर मराठवाड्यातून आलेल्या या लोकांच्या इथल्या मंडळाला दाखवला आणि मंडळ खवळलं. “एवढी वर्षं आमच्या घरचं खाल्लं सर, आन् पुस्तकात नाव दुसऱ्याचं?” असा सवाल मंडळाच्या अध्यक्षांनी केला. खाल्लं होतंच. सगळी खरी आडनावं पुन्हा घातली, आणि गणपतीत, ऑर्केस्ट्राच्या आधी, पुस्तकाचं प्रकाशन झालं. अध्यक्षांनी आपली प्रत घरच्या शोकेसमध्ये कबड्डीच्या ढालीशेजारी ठेवली.

आता त्या मुलीकडे येतो. चिखलीत मी ज्या घरात पहिल्यांदा शिरलो, त्या घरातली ही मुलगी. वडील प्रेस शॉपला, मूळचे लातूरकडचे. ती लहान असल्यापासून अधूनमधून आमच्याकडे यायची, बायकोकडून गणितं समजून घ्यायला. खुर्चीच्या कडेवर बसायची आणि तहान लागली की दरवेळी विचारायची, “काकू, पाणी घेऊ का?” डिप्लोमा झाला, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागली, तरी पाणी विचारूनच घ्यायची. माझ्या पुस्तकात एक वाक्य आहे, ज्यावर माझं फार प्रेम आहे: जो आपल्या घरातल्या डब्याचं झाकण न विचारता उघडतो, तो नात्यातला. या व्याख्येप्रमाणे ती आमची कुणीच नव्हती. आम्हाला मूल नाही. आमच्या घरातले डबे आम्हीच दोघं उघडतो आणि आम्हीच लावतो.

तिच्याच कंपनीत टूलरूमला एक मुलगा होता. परभणीकडचा, समाज एकच, स्वभावाने शांत. दोघांनी घरी सांगितलं, घरच्यांनी आधी तोंडं पाडली, मग पोराचा पगार आणि पोरीचा हट्ट बघून होकार दिला. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. मुलाच्या घरात शब्द चालतो तो त्याच्या थोरल्या चुलत्यांचा, आणि हे थोरले चुलते म्हणजेच मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांनी बोलणी चालू असताना सहज देवकाची चौकशी केली, मग उठले, शोकेस उघडली आणि माझं पुस्तक बाहेर काढलं. मुलीच्या आडनावापुढे पंचपालवी. स्वतःच्या आडनावापुढे पंचपालवी. चहा तसाच राहिला आणि पाहुणे उठले.

दुसऱ्या दिवशी मुलगी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. दारात सेफ्टी शूज काढले, पण आत येऊन खुर्चीच्या कडेवरही बसली नाही.

“सर, तुमच्या पुस्तकात आम्ही भाऊबहीण आहोत,” ती म्हणाली. “आता मी काय करू?”

त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, कारण ते खरं आहे. कुणीतरी परिशिष्ट वाचलं, याचा मला आनंद झाला. बायकोने तो माझ्या चेहऱ्यावर बरोबर टिपला आणि अशी काही नजर टाकली की मी घाईघाईने पुस्तकाऐवजी मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते. ती शिफ्टभर कुठल्या कुठल्या पार्टवर गेज लावत रडली असेल, असं वाटून मला कसंतरीच झालं.

“मी बघतो,” मी म्हणालो. काय बघणार होतो ते मला माहीत नव्हतं.

मी आधी तिच्या वडिलांना गाठलं. म्हटलं, तुमचं गावाकडचं मूळ देवक काय होतं ते आठवा. पंचपालवी ही इथली, त्याआधीचं काहीतरी असेलच. ते म्हणाले, “आमची आज्जी कायतरी येलीचं म्हणायची सर. पण नक्की कळना झालंय. गावाकडं भावकीला फोन लावलाव.”

“मग? काय म्हणाले?”

“ते म्हनले, तुमच्या सरांच्या पुस्तकात पंचपालवी लिवलंय की. तेच आसंल.”

माझ्या पुस्तकाची एक प्रत त्यांनीच गावी, सरपंचांना भेट दिली होती. एका पुस्तकाने एका अख्ख्या भावकीची आठवण पुसून टाकावी, इतका प्रभाव आमच्या शास्त्रातल्या थोरांनाही साधला नसेल. मी कपाळावर हात मारून घेतला.

तरी मला अजून सिद्धांताची काळजी नव्हती. सिद्धांत खरा होता, फक्त त्याचा एका पोरीला त्रास होत होता. मला वाटलं, देवक नेमकं कोणत्या लग्नात बदललं ते शोधू, आणि बदल अलीकडचा आहे हे अध्यक्षांना दाखवू. तिच्या काकाचं लग्न मोशीच्या पुढे, चऱ्होलीच्या रस्त्याला एका लॉन्सवर झालं होतं. मी परिशिष्ट काढून बसलो आणि एकेका घराचं लग्न आठवत गेलो. हे लग्न कुठे? त्याच लॉन्सवर. हे? त्याच लॉन्सवर. पत्रिका आठवल्या, तिथली शाही पनीरची भाजी आठवली, तिने झालेलं पित्त आठवलं. मी परिशिष्ट मिटलं आणि रिक्षा पकडली.

लॉन्सचे मालक जुन्या गावकऱ्यांपैकी. शेत होतं तिथे हिरवळ केली, कारंजं बसवलं, आता हातात जाड सोन्याचं कडं आणि दारात पांढरी गाडी. त्यांनी मला ओळखलं, कारण मी त्यांच्याकडच्या निम्म्या लग्नांत जेवलो होतो. मी जरा आडवळणाने देवकाचा विषय काढला.

“त्ये आमच्या प्याकेजमधी येतं ना सर,” ते खुशीत म्हणाले. “मांडव, मेढ, देवक, रुखवताचं टेबल, समदं त्यातच. ही मान्सं कुठनं आननार कळंब आन् फिंब? भाड्याच्या खोलीत ऱ्हात्यात बिचारी. मंग आमीच देतो.”

“काय देता?”

“आमच्या बांधावर आंबा हाय, उंबर हाय, जांभळ हाय, आनी दोन कंची बी घ्यायची. पाच डहाळ्या, लाल कापडात गुंडाळून तयार. पंचपालवी.”

“सगळ्यांना?”

“व्हय, सगळ्यांला. त्यात भेदभाव न्हाई केला आमी कधी.”

त्यांच्या बांधाकडे मी पाहिलं. आंबा, उंबर, जांभूळ उन्हात उभे होते. श्रमातून जन्मलेली नवी भावकी, माझी ती थंड देशातली टाळी, त्या बाईंचा रुमाल, सगळं त्या बांधावर होतं आणि त्याचा दर प्रति लग्न ठरलेला होता. आई, काका, मामा ज्या मांडवात उभे राहिले त्या मांडवात लाल कापडातली पंचपालवी होती. मग पुढच्या पिढीला विचारलं की देवक काय, तर ती दुसरं काय सांगणार? मालकांनी मला प्रेमाने मसाला ताक पाजलं आणि मी ते मुकाट्याने प्यालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयारीत होतो. ती हसली नाही, म्हणाली, “मग तर सोपं झालं. जाऊन सांग की पुस्तक चुकलंय.”

तिला सोपं वाटणं साहजिक होतं. बँकेत चूक झाली की उलटी एंट्री टाकतात. इथे माझ्या उभ्या नोकरीची उलटी एंट्री टाकायची होती. दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं चालू होतं. एका विद्यार्थ्याने माझ्या सिद्धांताच्या पायावर आपला प्रबंध उभा केला होता, त्याचं काय? असले उदात्त मुद्दे मी रात्रीच्या जेवणाला मांडले. बायकोने ताटात भात वाढला आणि विचारलं, “पोरगी काय म्हणून गेली आठवतंय ना?” आठवत होतं. त्यानंतर मी जेवलो आणि कपडे इस्त्रीला टाकले.

कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी अध्यक्षांच्या घरी बैठक भरली. मुलीचे आईवडील, मुलाकडचे चार मोठे, आणि टीपॉयवर माझं पुस्तक. कुणीतरी त्याला हळदकुंकू लावलं होतं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, मुलगी आत, स्वयंपाकघरात. मी उभा राहिलो.

“मंडळी,” मी म्हणालो, “या पुस्तकात देवकांबद्दल जे लिहिलंय ते चुकीचं आहे.” मग लॉन्स, पॅकेज, लाल कापड, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझा सिद्धांत मी माझ्याच हाताने पार झोपवला. बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं, आणि असं वाटलं की आता अध्यक्ष उठतील आणि सुपारी मागवतील.

अध्यक्ष उठले. माझ्याजवळ आले. माझे दोन्ही हात हातात घेतले.

“सर,” ते म्हणाले, “एका पोरीपायी तुमी तुमचं आख्खं पुस्तक खोटं पाडायला निघालात. एवढं मोठं मन आजकाल कुठं हाय? पण छापलेलं खोटं कसं आसंल? काहून खोटं बोलता?”

मी हात सोडवून घेतले. पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितकं लोक माझ्या मोठेपणाने गहिवरत होते. आयुष्यात प्रथमच माझ्या लिखाणावर लोकांचा पूर्ण विश्वास बसला होता, आणि तो मला हलवता येत नव्हता. स्वयंपाकघरातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

शेवटी मुलाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी जुनी वाट सांगितली. देवक एक आलं आणि लग्न तर करायचंच असलं, तर मुलीला दुसऱ्या देवकाच्या जोडप्याच्या ओटीत घालायचं. ते तिचे आईबाप होतात, तेच आपलं देवक बसवतात आणि कन्यादान करतात. मुलगी त्यांच्या कुळाची झाली की अडचण संपली. सगळ्यांना हायसं वाटलं. मामाला बोलवा, कुणी म्हणालं. परिशिष्ट उघडलं. मामा पंचपालवी. मावशीचे यजमान? पंचपालवी. शेजारचे? पंचपालवी. शेवटचं पान आलं तरी पंचपालवीच. माझ्या पुस्तकाने चिखलीपासून चाकणपर्यंत सगळ्यांना एकमेकांची भावंडं करून ठेवलं होतं. इतका बंधुभाव मला स्वतःलाही अभिप्रेत नव्हता.

तेव्हा मुलीची आई, जी इतका वेळ दाराशी पदर सावरत उभी होती, हळूच म्हणाली, “सरांचं लगीन कुठं झालं हुतं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“रजिस्टर,” मी म्हणालो. “कोर्टात.”

“म्हणजे लॉन्सवर नाही,” अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी मूळ गाव विचारलं, पाहुणे कुठले ते विचारलं. जातीच्या भोवती फिरत फिरत विचारायच्या या प्रश्नांवर मी वर्गात व्याख्यानं दिली आहेत, त्यांना बगल कशी द्यावी हेही शिकवलं आहे. मी पटापट सरळ उत्तरं दिली. अध्यक्षांचं समाधान झालं. “आन् सर, तुमचं देवक काय?”

मला माहीत नव्हतं.

देवकांवर जन्म घालवलेल्या माणसाला स्वतःचं देवक माहीत नव्हतं. मी तिथूनच फलटणकडच्या माझ्या आत्याला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू केला, ती चूकच झाली. “कळंब!” ती ओरडली. “लोकांची देवकं मोजत फिरलास, आन् घरचं इचारायला आता सवड झाली व्हय रं? कोर्टात लगीन केलंस तवाच म्हनलं हुतं!” बैठकीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मुलगा हसला होता.

घरी निघालो तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. मी बायकोला न विचारता तिचं मातृत्व मंजूर करून आलो होतो. या विषयावर आम्ही दोघांनी फार वर्षांपूर्वी बोलणं थांबवलं होतं. हळदीकुंकवांना ती बँकेच्या कामाचं कारण सांगून जायची नाही आणि निवृत्त झाल्यावर दुसरं कारण सापडेना म्हणून थोडी अडचणच झाली होती. मी हे सगळं पाहिलेलं आहे. दुसऱ्यांच्या घरात पाहिलं असतं तर त्यावर लेख लिहिला असता.

मी सांगितलं. ती उठली. कपाटाकडे गेली, परत आली. संध्याकाळी मुलगी स्वतः आली. खुर्चीच्या कडेवर बसली.

“काकू, तुम्हाला नको असेल तर नको सांगा,” ती म्हणाली. “मला वाईट वाटणार नाही. मी दुसरं काही बघेन.”

बायकोने कपाट उघडलं. मग विचारलं, “कन्यादानाला शालू लागतो की पैठणी चालते?”

मुलगी रडायला लागली. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि आतच थांबलो.

कळंबाचं झाड शोधायचं काम माझ्याकडे आलं. सापडलं ते तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये, एका काचेच्या इमारतीच्या गेटपाशी, शोभेसाठी लावलेलं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला मी देवकाचं महत्त्व मुळापासून समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. “सर, फांदी आत येत नाहीये, बाहेर जातेय. मग ॲडमिनला विचारावं लागेल,” तो म्हणाला. शेवटी मुलीचा होणारा नवरा आला. “भाऊ, लग्न आहे राव माझं,” एवढंच म्हणाला आणि सिक्युरिटीवाल्याने स्वतः फांदी तोडून दिली. फांदी मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आलो.

लग्न त्याच लॉन्सवर झालं. मालकांनी पॅकेजमधलं देवक वजा करायला साफ नकार दिला, म्हणून लाल कापडातली पंचपालवीही एका कोपऱ्यात ठेवलेली होती. आदल्या दिवशी मुलीच्या आईवडिलांनी तिला आमच्या ओटीत घातलं. पंचविशीतली मुलगी बायकोच्या मांडीवर बसली, दोघी हसायला लागल्या, “वजन बघ किती हिचं” म्हणून बायको हसत होती आणि मग दोघींचंही हसू एकदम थांबलं. मुलीची खरी आई बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. तिने एवढं मोठं काय दिलं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. आता कळतं.

कन्यादानाची मी किती छायाचित्रं घेतली असतील, विधी तोंडपाठ आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात भटजी माझ्यावर खेकसत होते. “यजमान, हात खाली. खाली! पाणी सांडतंय.” सवयीने मी मुलीचा हात सोडून थोडा मागे सरकलो होतो, नीट दिसावं म्हणून. बायकोने कोपराने ढोसलं. मी पुढे झालो, हात धरला, पाणी सोडलं आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. फोटोग्राफरने तेवढेच फोटो काढले.

सिद्धांताचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मी रीतसर दुरुस्ती लिहून एका नियतकालिकाला पाठवली, लॉन्स आणि बांधासकट. तिथे लेखकाचं नाव झाकून तज्ज्ञांकडे मजकूर पाठवतात. तज्ज्ञांनी तो नाकारला. लेखकाने या विषयावरचा मूलभूत ग्रंथ वाचलेला दिसत नाही, असा शेरा त्यांनी मारला होता आणि खाली माझ्याच पुस्तकाचं नाव दिलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी पुस्तक पुन्हा शोकेसमध्ये ठेवलं आहे. सरांनी लिहिलं आणि सर स्वतः त्याप्रमाणे वागले, असं ते सगळ्यांना सांगतात.

परवा रविवारी ती आली होती, एकटीच. आता मारुंजीला राहतात, नवऱ्याने नोकरी बदलली म्हणून. सासूची एक तक्रार, सुपरवायझरच्या दोन, असं दारातूनच बोलत आत शिरली, पर्स सोफ्यावर टाकली आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. मी पेपर वाचत होतो. आतून झाकण उघडल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या डब्याचं, मग तिसऱ्या.

“लाडू कुठल्या डब्यात ठेवलेत गं?” ती आतून ओरडली.

माझ्या हातातला पेपर खाली आला. बायको माझ्याकडे बघत होती. तिनेही ते वाक्य वाचलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. मोशीहून कुणी गृहस्थ बोलत होते. त्यांच्या मुलीचंही देवक आडवं आलं होतं, चुलत्यांनी पुस्तकात पाहिलं होतं, आणि सरांनी मागे एका मुलीचं कन्यादान केलं असं कानावर आलं होतं. तर आमच्याही पोरीचं कराल का? माझी छाती जरा फुगली. अशी प्रथा रूढ होताना बघायला मिळणं म्हणजे आमच्या शास्त्रात भाग्यच. “हो, म्हणजे, बघू या,” असं मी म्हणतोय तोच बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

“नाही हो,” ती म्हणाली. “दुसरं कुणी बघा. आम्हाला एकच मुलगी आहे.”

मुलगी लाडू खात बाहेर आली. “कुणाचा फोन?”

“राँग नंबर,” बायको म्हणाली आणि उघड्या राहिलेल्या डब्याचं झाकण लावायला आत गेली.